मारुती ८००, नोंदणी फेब्रुवारी १९९६: पत्र्यापासून आरटीओपर्यंत (प्रकल्प नोंदी)

५ ऑक्टोबर २०२५: पहिली तपासणी

गाडी: मारुती ८००, मॉडेल एसबी३०८, कार्बोरेटर, चार गियर, एसी नाही. नोंदणी सातारा, एमएच-११. नोंदणीची मुदत २२ फेब्रुवारी २०२६ ला संपते. त्याआधी गाडी तपासणीला उभी राहील अशी करायची आहे.

चालू स्थिती: इंजिन सुरू होतं, पण आयडलला (ॲक्सिलरेटर न देता उभ्याने चालू असताना) एक सिलिंडर गळाल्यासारखा धडधडतो. ब्रेक पॅडल खोल जातं. तापमानाचा काटा कितीही चालवली तरी तळ सोडत नाही. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट ओली आहे.

यातली सर्वांत गंभीर गोष्ट मॅटची. ८०० मध्ये इंजिन संपल्यामुळे गाडी भंगारात जाणं विरळाच. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्लचप्लेट, ऑइल सील सगळं आजही मिळतं. पत्रा मात्र मिळत नाही, आणि तो एकदा गेला की बाकी कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. म्हणून कामाचा क्रम असा: पत्रा, कूलिंग, हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग), पेट्रोलची वाट, ब्रेक, आणि सगळ्यात शेवटी रंग. बहुतेक ठिकाणी हा क्रम बरोबर उलटा असतो. आधी रंग चढतो, आणि दोन पावसाळ्यांत त्याच रंगाखालून गंज वर येतो.

९ ऑक्टोबर: सुट्या भागांची यादी, आणि त्यासाठी थोडा इतिहास

भाग मागवताना ‘मारुती ८००’ एवढं सांगून भागत नाही. या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गाड्या आहेत.

मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ मध्ये स्थापन झाली, सुझुकीशी करार १९८२ मध्ये झाला आणि पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. ती एसएस८०, म्हणजे १९७९ च्या सुझुकी फ्रॉन्टे-ऑल्टोचा साचा. जपानात लहान मोटारींच्या वर्गासाठी ५५० सीसीची मर्यादा असल्यामुळे तिथे त्यात छोटं इंजिन असे. आपल्याकडे एफ८बी हे ७९६ सीसीचं आलं. एसएस८० चे दिवे, बंपर, डॅशबोर्ड, काचा, यातलं काहीही पुढच्या गाडीला लागत नाही.

१९८६ मध्ये एसबी३०८ आली. ही सुझुकीच्या सीए७१ ऑल्टोची बॉडी, आणि बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती ८०० हीच. इंजिन तेच राहिलं. २००० च्या सुमारास प्रदूषणाच्या नव्या निकषांमुळे एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आलं. काही मॉडेलांना १२ व्हॉल्व्हचं हेड आणि पाच गियर मिळाले. त्या गाड्यांचं वायरिंग, टाकीतला पंप, मॅनिफोल्ड (इंजिनला हवा नेणारा, धूर काढणारा नळ्यांचा भाग) सगळं वेगळं. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज-४ लागू झालेल्या १३ शहरांत ८०० ची विक्री थांबली आणि १८ जानेवारी २०१४ ला उत्पादन बंद झालं. तोवर २५ लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या होत्या. हीच सीए७१ बॉडी पाकिस्तानात मेहरान या नावाने २०१९ पर्यंत बनत होती.

कामाचा मुद्दा असा: कार्बोरेटरच्या ओम्नीतही एफ८बीच आहे, त्यामुळे इंजिनच्या आतले बरेच भाग सामाईक आहेत. पण ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली उभं बसतं आणि ८०० मध्ये बॉनेटखाली आडवं. म्हणून मॅनिफोल्ड, पाण्याचे पाइप, माउंटिंग, क्लचकडचं हाउसिंग ओम्नीचं घेऊ नये. पिस्टन-रिंग-बेअरिंग घेतानाही जुना भाग हातात धरून जुळवावा.

१२ ते २६ ऑक्टोबर: फ्लोअर

सीट, मॅट, कार्पेट काढलं. खाली कारखान्यात चिकटवलेले डांबरी पट्टे असतात, आवाज मरावा म्हणून. हे पट्टे पाणी धरून ठेवतात आणि त्यांच्याखाली पत्रा कुजतो, त्यामुळे वरून फ्लोअर धड दिसतो. बोथट पेचकसाने ठोकून बघितलं: चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. ड्रायव्हरच्या टाचेखाली तळहाताएवढा भाग पेचकसाने आरपार गेला. डाव्या बाजूला सीटच्या पुढच्या बोल्टाजवळ चाळण झालेली. पूर्वी कोणीतरी तिथे फायबरचं कापड आणि रेझिन मारून ठेवलं होतं. फायबर गंजलेल्या कडेला धरत नाही. मध्ये फट पडते, पाणी शिरतं आणि गंज नजरेआड पसरतो. शिवाय सीट आणि पट्ट्याचे बोल्ट ज्या पत्र्यावर ताण देतात तिथे फायबर चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

पत्रा कापण्याआधी पाणी येतं कुठून ते शोधलं, कारण वाट तशीच राहिली तर नवा पत्राही जाणार. दोघांनी मिळून करायचं काम: एकाने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, खालून वर, एका जागी निदान पाच मिनिटं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन पाहायचं. दोन वाटा सापडल्या. पुढच्या काचेचं रबर खालच्या कोपऱ्यात आकसलेलं होतं. आणि वायपरखालच्या काउलमध्ये पाला साचून निचऱ्याची वाट बुजली होती, त्यामुळे पाणी आत ओसंडत होतं. काचेचं रबर नवं घेतलं. जुन्या रबरावर सिलिकॉन फासणं हा उपाय नव्हे. ते पाणी बाहेर जाण्याचीही वाट बंद करतं.

पत्र्याचं काम:

बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी आणि नळ्या उतरवल्या. वेल्डिंगच्या वेळी टाकी गाडीत ठेवायची नाही, रिकामी असली तरी नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची.

गंज दिसतो तिथे न थांबता चहूबाजूंनी २०-२५ मिमी पुढे, पांढरा चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापलं. ठिगळाला २० गेजचा सीआर (थंड लाटलेला) पत्रा (सुमारे ०.९ मिमी). डेंटरचा आग्रह १८ गेजचा असतो, ‘मजबूत होईल’ म्हणून. पण मूळ पत्रा पातळ आहे. जाड ठिगळाला लागणाऱ्या उष्णतेत त्याची कड जळून भोकं पडतात. आणि या गाडीचं वजनच मुळात साडेसहाशे किलोच्या आसपास. सदतीस-एक अश्वशक्तीत ती चपळ वाटते ती त्या हलकेपणामुळेच, तेव्हा किलोकिलोने वजन वाढवत जाण्यात शहाणपण नाही.

ठिगळ कडेला कड लावून बसवलं, वर चढवून नाही. एकावर एक पत्रा आला की मधल्या फटीत पाणी राहतं. वेल्डिंग मिगने (गॅसच्या आवरणात तार वितळवणाऱ्या यंत्राने), ०.८ मिमी तार. आधी २५-३० मिमी अंतरावर टाके, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, मग मधल्या जागा भरत जायचं. एका दमात रेघ ओढली तर पत्रा तापून फुगतो. गॅस वेल्डिंगने उष्णता फार पसरते, फ्लोअरला ते टाळलं.

नंतर वेल्ड घासून सपाट, फॉस्फोरिक ॲसिडचं गंजरोधक, धुऊन सुकवणं, इपॉक्सी प्रायमर दोन्ही बाजूंनी, सांध्यांवर सीलर, आणि खालून रबरी अंडरकोट. अंडरकोट प्रायमरवरच मारायचा. गंजावर थेट मारला की वरून काळं कुळकुळीत दिसतं आणि आत पत्रा कुजत राहतो. सिल (दाराखालचा उंबरठा) आणि दाराच्या पोकळ भागांत मेण फवारलं. दाराच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी केली. ती रंगाने बुजलेली असतात, आणि दारं खालून फुटायचं मुख्य कारण तेच.

बॅटरीखालचा ट्रे ॲसिडने खाल्लेला होता. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने फेस येणं थांबेपर्यंत धुतला, मग घासून प्रायमर. चॅसिस नंबर कोरलेल्या भागाला हात लावलेला नाही. तिथे घासकागद, लांबी किंवा जाड रंग काहीही नको; तपासणीत नंबर स्पष्ट वाचता आला पाहिजे.

२ नोव्हेंबर: कूलिंग

काटा तळाशी का, याचा उलगडा झाला: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकलेला होता. ‘आपल्याकडच्या उन्हाला थर्मोस्टॅट नको’ ही समजूत गॅरेजांत घट्ट रुजली आहे, पण नुकसान तिच्यामुळेच होतं. इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. क्रँककेसमधली ओल उडून जात नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर पांढरी साय जमते. ती साय पाहून कित्येकांनी हेड गॅसकेट (हेडखालचं सील) गेलं समजून हेड उघडलेलं आहे. आधी कूलंटची पातळी उतरते का ते पाहावं. उतरत नसेल तर साय बहुधा थंड इंजिनाची.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तपासला: भांड्यात पाण्यात टांगून, थर्मामीटर लावून तापवला. ८२ अंशांना उघडायला लागला, ९५ च्या आसपास पूर्ण उघडा.

रेडिएटर तांब्या-पितळेचा, मूळचा. बोअरच्या पाण्याने आत क्षार बसलेले. टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई फिरवून सफाई) करून घेतलं. नव्या ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरपेक्षा हा जुना जपणं फायद्याचं, कारण तो पुन्हा उघडून डाग देता येतो. रेडिएटरचं झाकण नवं. झाकणाचं रबर गेलं की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं आणि दोष उगाच पंपावर येतो. सगळे होज बदलले. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. हेड ॲल्युमिनियमचं आहे, साध्या पाण्याने आतून खड्डे पडतात.

पंख्याचा स्विच तपासला: गाडी उभ्याने चालू ठेवली, काटा मधोमध आल्यावर पंखा फिरला. पंखा थेट बॅटरीला जोडून कायम चालू ठेवण्याची पद्धत दिसते. त्याने मोटर जळते, आणि मूळ दोष शोधायचा राहूनच जातो.

९ नोव्हेंबर: कंप्रेशन

कंप्रेशन म्हणजे पिस्टनने सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब. तो मोजताना तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. टायमिंग बेल्टच्या बाजूच्या सिलिंडरपासून क्रमाने मोजलं: ११.६, ११.२, ८.१ किलो प्रति चौ. सेमी. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं: ८.५. ऑइलने कंप्रेशन उसळलं असतं तर दोष रिंगांचा. उसळलं नाही, म्हणजे व्हॉल्व्ह.

टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा, फट ठेवून जुळवायचा भाग) कव्हर उघडलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला फिलर गेजची ०.०५ मिमीची पातीही शिरेना. कारण स्पष्ट आहे: टॅपेट घट्ट असला की व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरत नाही आणि कड जळते. टॅपेटचा आवाज नको म्हणून ते घट्ट करून ठेवण्याची खोड फार नडते. हलकी टिकटिक करणारा टॅपेट इंजिनला तारतो, गप्प बसलेला व्हॉल्व्ह जाळतो.

१६ ते २३ नोव्हेंबर: हेड

हेड उतरवलं. तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला जळून खाच पडलेली. तो व्हॉल्व्ह नवा, बाकीचे पाच घासून घेतले, सहाही व्हॉल्व्ह सील नवे. घासल्यावर पेट्रोल ओतून पाहिलं. दहा मिनिटांत पाझर नाही.

हेडची सपाटी: सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली ०.०५ मिमीची पाती सरकवली. कुठेही शिरली नाही, म्हणून लेथवर फेसिंग केलं नाही. ‘उतरवलंच आहे तर एक हात मारू’ हे ऐकायचं नाही. दर फेसिंगला कंप्रेशन वाढतं आणि पुढच्या वेळेसाठी धातू कमी उरतो. हेड बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, कॅम आणि क्रँकचे पुढचे ऑइल सील एकदमच बदलले. जुन्या सीलचं ऑइल नव्या बेल्टवर आलं तर बेल्टचं आयुष्य निम्म्यावर येतं. खुणा जुळवल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन वेढे फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या. मगच सेल्फ मारायचा.

टॅपेटचा क्रम: इंजिन थंड. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२. पहिला सिलिंडर कंप्रेशनच्या टोकाला आणून त्याचे दोन्ही टॅपेट, मग क्रँक दोन तृतीयांश वेढा (२४० अंश) पुढे, तिसऱ्याचे. पुन्हा तेवढाच, दुसऱ्याचे. माप दुरुस्ती पुस्तिकेप्रमाणे. लॉकनट आवळल्यावर पाती पुन्हा घालून बघायची, आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.

नवी मापं: १२.०, ११.८, ११.९.

३० नोव्हेंबर: पेट्रोलची वाट

पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळत नसत. जुन्या काळ्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगून मऊ पडतात, वाळल्या की तडकतात, आणि गरम इंजिनवर गळती म्हणजे आग. टाकीपासून पंप, पंपापासून कार्बोरेटर आणि परतीची नळी, तिन्ही आतून फ्लुओरोइलास्टोमर (इथेनॉलला टिकणारं रबर) असलेल्या, एसएई जे३० आर९ मार्काच्या लावल्या. स्क्रू-क्लिप गुळगुळीत आतल्या कडेच्या. दातेरी क्लिप रबर कापते.

टाकीच्या तळाशी तांबडा गाळ. इथेनॉल ओल ओढतं, आणि अर्धी टाकी घेऊन महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत तेच पाणी तळाला साचतं. टाकीत मूठभर नट आणि रॉकेल घालून हलवली, धुतली, वाळवली. पुढे गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवायची, आत हवाच नको. टाकी २८ लिटरची, भरायला फार लागत नाही.

कार्बोरेटर उघडला. फ्लोट नीडलचं टोक झिजलेलं, ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम ताठरलेला, चोक पूर्ण उघडत नव्हता. इथेनॉल चालेल असाच किट घेतला. जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी) क्लीनरमध्ये बुडवून हवेने फुंकले. जेटमध्ये तार कधीच घालू नये. डोळ्यांना न दिसणारा ओरखडाही पेट्रोलचं प्रमाण बदलतो. मॅनिफोल्डखालचं जाड इन्सुलेटर गॅसकेट नवं. तिथून हवा ओढली की आयडल कधीच स्थिर होत नाही आणि लोक महिनोन्महिने स्क्रू फिरवत बसतात.

ई२० ला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला एकास १४.७, तर ई२० ला सुमारे १३.५. कार्बोरेटर स्वतःहून जुळवून घेत नाही, म्हणून मूळ जेटवर मिश्रण पातळ पडतं. लक्षणं: गरम झाल्यावर हलका धक्का, ॲक्सिलरेटर दिल्यावर क्षणभर मरगळ. सध्या आयडल मिश्रण थोडं वाढवून भागलं. प्लगचं टोक पांढरंफटक दिसू लागलं तरच मेन जेट एक नंबर वर न्यायचा.

प्लग गॅप ०.७-०.८ मिमी, पॉइंट गॅप ०.४-०.५. कंडेन्सर नवा.

७ डिसेंबर: ब्रेक, चाकं

मागचे दोन्ही व्हील सिलिंडर गळत होते, लायनर ऑइलने माखलेले. माखलेले लायनर जाळून-धुऊन पुन्हा वापरत नाहीत, फेकले. मास्टर सिलिंडरचा किट, पुढच्या कॅलिपरची रबरं, तिन्ही लवचिक नळ्या नव्या. रबरी भाग पेट्रोल किंवा इंजिन ऑइलने पुसायचे नाहीत, फुगतात, ब्रेक ऑइलनेच. डॉट ३ ब्रेक ऑइल भरून सर्वांत लांबच्या मागच्या चाकापासून हवा काढली.

टायरची नक्षी शाबूत, पण कडेवरचा आकडा ३५१७, म्हणजे २०१७ चा पस्तिसावा आठवडा. चारही बदलले, मूळ मापाचेच: १४५/७० आर१२. रुंद टायरने स्टिअरिंग जड होतं, व्हील बेअरिंगवर ताण येतो, ॲव्हरेज उतरतं.

१४ डिसेंबर: सस्पेन्शन, वायरिंग

लोअर आर्मचे बुश, डावा बॉल जॉइंट, दोन्ही ड्राइव्ह शाफ्टचे बूट. इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी हिरवी पडलेली, बदलली. हेडलाइटला ६०/५५ वॉटचेच बल्ब, पण रिलेवर (स्विचवरचा प्रवाहाचा भार घेणारा जोड). १००/९० चे बल्ब लावले की स्टिअरिंगखालचा स्विच वितळतो.

११ जानेवारी २०२६: चाचणी

खंबाटकी घाट, चार माणसं. चढावर दुसऱ्या गियरमध्ये काटा मध्याच्या किंचित वर, उतरल्यावर पुन्हा मध्यावर. टाकी ते टाकी ॲव्हरेज १६.४ किमी प्रति लिटर.

पीयूसी: काम सुरू करताना आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.४ टक्के, एचसी (हायड्रोकार्बन) १९०० पीपीएम होतं. आता १.८ आणि ५२०. भारत स्टेज-२ आधीच्या पेट्रोल मोटारींना मर्यादा ३ टक्के आणि १५०० पीपीएम आहे. दोन्ही आकडे वेगवेगळं सांगतात: सीओ जास्त म्हणजे मिश्रण घट्ट (इथे अडकलेला चोक), एचसी जास्त म्हणजे न जळता बाहेर पडणारं पेट्रोल (इथे जळका व्हॉल्व्ह). नुसता मिश्रणाचा स्क्रू आवळून पीयूसी काढून घेतली असती तर सीओ उतरलं असतं, एचसी जिथल्या तिथे.

२५ जानेवारी: कागद

नोंदणी नूतनीकरण: फॉर्म २५, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. सोबत आरसी, विमा, पीयूसी, पर्यावरण कराची पावती. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना राज्यात उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे, ती आधी बसवून घ्यावी. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये आहे. नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. तपासणीत दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, ब्रेक, पत्रा आणि चॅसिस व इंजिन असे दोन्ही नंबर पाहतात. रंग आरसीवर लिहिलाय तोच हवा.

१५ फेब्रुवारी: नूतनीकरण झालं, पुढची कामं

१००० किमीला टॅपेट पुन्हा, ऑइल व फिल्टर बदल. त्याच वेळी कार्बोरेटरचे पायाचे नट आवळणं आणि प्लगचा रंग पाहणं. मेच्या शेवटी काउलमधला पाला काढणं, दारांची भोकं तपासणं, सिलमध्ये मेणाचा दुसरा हात. सप्टेंबरअखेर मॅट उचलून फ्लोअर. रंगाचं काम त्यानंतर, फ्लोअर कोरडा निघाला तरच.